टांगलेला दगड

नाही, दगड माझ्या अंगावर पडला नाही. पडला असता तर हे पत्र लिहायला कोण उरलं असतं? साखळीला टांगलेला होता, टांगलेलाच राहिला आणि तसाच येऊन आदळला. तू विचारलं नाहीस ते ठाऊक आहे, पण विचारणारच होतास.

तर मास्तर, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. खोकला कसा आहे? बरा नसेल तर शाळेत बोलणं कमी कर. माझी प्रकृती उत्तम (हसताना आणि कूस बदलताना तेवढं दुखतं). फक्त गिरणीची किल्ली सूनबाईने काढून घेतलीय, ती मला सोमवारच्या आत परत हवीय. आता कारण ऐक, कारण सुरुवात तुझ्यापासूनच आहे.

मागे आलास तेव्हा गिरणीत बसून तू माझी शिकवणी घेतलीस. वजन म्हणजे पृथ्वी खाली ओढते तेवढं, वस्तुमान म्हणजे वस्तूत भरलेला माल. चंद्रावर नेलं की वजन सहावा हिस्सा, वस्तुमान होतं तेवढंच. (चंद्रावर दळण घेऊन कोण जातंय? पण चहा निवत होता म्हणून मी मान हलवली.)

मंगळवारी दगडाला टाकी लावायची होती, छिन्नीने खाचा नव्याने पाडायच्या होत्या. खाचा बोथट झाल्या की पीठ रवाळ पडतं आणि गिऱ्हाईक पिशवी उघडून माझ्या नाकापुढे धरतं. वरचा दगड दीडशे किलोचा. मिस्त्रीने तो चेनपुलीने उचलला आणि छिन्नी आणायला गेला. जाताना म्हणतो कसा, "आक्का, हात लावू नका हं." चाळीस वर्षं गिरणी चालवणाऱ्या बाईला असं सांगतात? मी तुझी शिकवणी आठवली. ओढते ती पृथ्वी, ती ओढ सोसते साखळी. मग माझ्या वाट्याला उरलं काय? काही नाही. म्हणजे हा दगड आता कापसाची उशी. म्हटलं, मिस्त्री यायच्या आत बाजूला सरकवून टाकू.

ढकलला, तर हलेना. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं, पण मी खांदा लावला. मग निघाला, अगदी सावकाश, जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा. पलीकडे गेला, क्षणभर थबकला आणि परत निघाला. म्हटलं, येऊ दे, तळहाताने अडवते. वजन तर साखळीकडे आहे! त्याने माझा तळहात, कोपर आणि मला सगळीच्या सगळी उचलून पत्र्याच्या डब्यावर नेऊन टेकवलं. डबा चेपला, दोन बरगड्यांना चीर गेली, आणि वरच्या फळीवरचं पीठ डोक्यावर. मिस्त्री आला आणि विचारतो, "आक्का कुठे गेल्या?" मी शिंकले तेव्हा सापडले.

पण आता मला तुझ्याहून चांगलं समजलंय. वजन साखळी घेऊ शकते. वस्तुमान दगडातच ठाण मांडून असतं. बसलं की उठत नाही, निघालं की थांबत नाही. तुला हे शिकायला पुस्तकं लागली, माझं एका डब्यात भागलं.

तुझी,
आक्का

ता.क. सूनबाई म्हणाली, "आई, नेमकं काय चुकलं ते समजावून सांगा, किल्ली घ्या. नाहीतर उद्या परत खांदा लावाल." मी वर लिहिलंय तेच ठणकावून सांगितलं. ती किल्ली काढतच होती, तेवढ्यात विचारते, "मग वर आभाळाच्याही पलीकडे, जिथे कशालाच वजन नाही, तिथे हा दगड येऊन आदळला तर लागेल?" मी म्हटलं, छे, तिथे कशाला लागतोय! तिने किल्ली परत कमरेला खोचली. हसलीसुद्धा नाही.

ता.क. दुसरं. सोमवारी टाकी लावलेल्या दगडावर पहिलं दळण पडणार. ते तिच्या हातून पडलं की मी आयुष्यभर ओट्यावर बसून गिऱ्हाइकांना "या, बसा" म्हणणार. तेव्हा बरोबर उत्तर दहा ओळींत लिहून पाठव. आकृती नको. माझ्या बोलण्यासारखं लिही, शुद्धलेखनाच्या दोन-तीन चुका घाल, नाहीतर ती लगेच ओळखेल. आणि हे सगळं मला समजलंय की नाही, ते उलट टपाली विचारू नकोस. मी सांगणार नाही.