डिलाईल रोडचं चॅपेल

डिलाईल रोड, मुंबई
४ डिसेंबर १९५५

ती. शामरावदादांस,
बकुळाचा सा. न. वि. वि.

गिरणगावातल्या आपल्या चॅपेलांचा इतिहास लिहायला घेतलात तुम्ही, आणि हिंडायला लावलंत बहिणीला! असो. घोडपदेवला जाऊन आले. तिथलं चॅपेल म्हणजे चाळीतली तळमजल्याची खोली. आता तिथे कोळशाची वखार आहे. चौकटीवर कोरलेला क्रूस काजळीखाली अजून हाताला लागतो. म्हाताऱ्या कमलाबाईंचं लग्न त्याच खोलीत लागलं होतं. त्या म्हणाल्या, की ते कुणी पाडलं नाही; माणसं यायची थांबली आणि एके दिवशी लावलेलं कुलूप तसंच राहिलं.

मला आता आपल्या चॅपेलचं भय वाटतं. फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारापासून चाळीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्यातच आपल्या मंडळीचे पंच राजारामभाऊ यांनी पोलिसांना चॅपेलच्या आवारात तंबू ठोकू दिला. आपण चार घरं, संरक्षण मिळतंय तर घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. आता उपासनेला निघालं की जिन्यातले लोक अंग चोरून बाजूला होतात. खालचा धोंडू गिरणीत ह्यांच्या शेजारच्या साच्यावर काम करतो, दर नाताळात हक्कानं करंज्या मागून नेतो. काल तोच ह्यांना म्हणाला, की गुणाजी, तुमच्या देवळाचं एकदा बघावं लागेल. हसला नाही.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

तुमची बकुळा

अहमदनगर
१२ डिसेंबर १९५५

चि. सौ. बकुळास अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून जिवाला घोर लागला. राजारामभाऊंवर रागावू नकोस, भ्यालेला माणूस आहे. गुणाजीरावांना मोर्च्यात जाऊ देऊ नकोस. चॅपेलची झाडलोट तुझ्याकडे आहे म्हणून किल्लीही तुझ्याकडे असते. ती पंचांना देऊन मोकळी हो. तू लहानपणापासून हट्टी, म्हणून दोनदा लिहितो. किल्ली देऊन टाक.

आजोबांची एक हकीकत इथल्या जुन्या माणसाकडून कळली. प्लेगच्या साली आपलं चॅपेल नवीनच होतं. कुशाबा आजोबांनी चाळीतले आजारी तिथे आणून निजवले, जात-धर्म न विचारता. मिशनच्या साहेबानं जाब विचारला, तेव्हा आजोबा म्हणाले, की छपराचे पत्रे याच लोकांनी डोक्यावरून आणलेत. इतिहासात हे घालावं की नाही, ठरत नाही. वरच्यांना रुचायचं नाही.

सांभाळून राहा. तब्येतीचं कळवत जा.

तुझा दादा, शामराव

डिलाईल रोड, मुंबई
१७ जानेवारी १९५६

ती. दादांस सा. न. वि. वि.

टपाल निघेल की नाही ठाऊक नाही. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत, हे रेडिओवर ऐकल्यापासून सगळा रस्ता घराबाहेर आहे. भोंगे झाले, पण गिरणीत कुणी गेलं नाही. तंबू हलवा, नाहीतर पुढचं आमच्यावर नाही, असा निरोप धोंडूनं राजारामभाऊंना धाडलाय. तंबू तिथेच आहे.

किल्ली मी दिलेली नाही. रागवा हवं तर.

बकुळा

डिलाईल रोड, मुंबई
२९ जानेवारी १९५६, रविवार

ती. दादांस,
बकुळाचा सा. न. वि. वि.

मी धड आहे, हे आधी लिहिते.

मागचं पत्र लिहिलं त्याच दिवशी दुपारी चॅपेलच्या खिडक्यांवर दगड आले. धोंडू सगळ्यांत पुढे होता. मग नाक्यावरून गोळ्या सुटल्या आणि माणसं आमच्या बोळात पळाली. बोळाच्या टोकाला गिरणीची भिंत, जायला वाट नाही. मी धावत खाली उतरले आणि चॅपेलचं दार उघडलं. राजारामभाऊ ओरडत होते, की बकुळा, बंद कर, सगळ्यांना मारशील. तेवढ्यात हे धोंडूला खांद्यावर घेऊन आत आले. त्याला बघून राजारामभाऊ आत धावले. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड त्यांनीच ओढलं, त्यांनीच फाडलं. पण रक्त थांबलं नाही. धोंडूच्या मुठीत दगड तसाच होता. ह्यांनी सोडवायचा प्रयत्न केला, सुटला नाही. आमच्या बाकांमध्येच तो गेला.

लोकांना आत कुणी घेतलं, असं पोलिसांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, मी. ह्यांना नेलं. अजून सोडलेलं नाही, कुठे ठेवलंय तेही सांगत नाहीत. ह्यांना खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आज उपासना झाली. फरशीवरचा डाग घासूनही जात नाही. सगळे त्याच्या भोवतीनं बसले, मधली जागा मोकळी. स्तोत्र चालू असताना धोंडूची बायको गंगुबाई आली. उघडं कपाळ, पायात काही नाही. ती सरळ त्या जागेवर जाऊन बसली. उपासना आटोपली, लोक उठले, ती उठेना. मग मीही तिच्याजवळ खाली बसले. इथूनच हे लिहिते आहे.

चॅपेलला सील लावायला पोलिसांची माणसं आली आहेत. राजारामभाऊ दारात आडवे उभे आहेत. ते सांगताहेत, की आत बायका बसल्या आहेत आणि उपासना अजून संपलेली नाही.

आमच्यासाठी प्रार्थना करा.

तुमची
बकुळा