बारशाच्या दिवशी आत्याच्या ओठावर ताप

कारेगाव, सोमवार

तीर्थरूप सारजाआत्यांना कारेगावहून भाची नीलमचा, पाय हाताशी नसल्यामुळे कागदावरच डोकं टेकवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामांचा खोकला बसला का? तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट कंपनीच्या बसमध्ये बसून ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र लिहिते. प्रगती वाचून दाखवेलच. (प्रगती, आजीला वाचून दाखवताना कंसातलंही वाच. मागच्या पत्रातले कंस तू गाळलेस आणि आत्यांनी मी नोकरी सोडली असं केंदूरभर सांगितलं.)

आपल्या रुद्रच्या बारशाची बातमी तुमच्यापर्यंत कशी पोचली असेल ते मला ठाऊक आहे. नीलम मानपानावरून रुसली, पाळण्याजवळ गेली नाही, अंगणात जाऊन उभी राहिली आणि भाच्याचं नाव तिने फोनवरून ठेवलं. यातलं अंगण खरं आहे आणि फोनही खरा आहे. रुसवा मात्र खोटा. मी रुसले की अंगणात थांबत नाही, सरळ घर गाठते. (पृथ्वीराजच्या लग्नात गाठलं होतं. ते आता नऊ वर्षांनी उगाळू नये.)

आत्या, पृथ्वीराजला मी एकटी बहीण. त्याला आणि पूनमला नऊ वर्षांनी मूल झालं. या नऊ वर्षांत पूनमला कुणी काय काय सुचवलं ते मी कधी बोलले नाही, पण बाळाच्या कानात कुर्र करण्याचा मान माझा, हे मनात धरून बसले होते. इकडे कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या मालातल्या चुका काढते. मला जन्मात एकदा असं काम हवं होतं, ज्यात चूक काढायला कुणी नसेल.

तर बारसं ठरलं रविवारी, बाराव्या दिवशी, पूनमच्या माहेरी दौंडला. त्याआधीच्या आठवड्यात ओव्हरटाइम लागला, आणि मी भर दुपारी गाडीवरून शिरूरला दुपटी आणि झबली आणायला गेले. बुधवारी लाइनवर उभी असताना खालच्या ओठाच्या कडेला मुंग्या आल्या. ही खूण मला चांगली कळते. ऊन लागलं, झोप मोडली की माझ्या ओठावर ताप फुटतोच. त्याच क्षणी डॉक्टरकडे जायला हवं होतं. त्याऐवजी मी कँटीनमध्ये गेले, आणि कँटीनमध्ये सगळेच डॉक्टर. शेजारच्या मशीनवरची अनिता म्हणाली, चोरून काहीतरी खाल्लं असशील. वॉचमनने चुना लावायला सांगितला. पॅकिंगमधल्या बिहारच्या बाईंनी टूथपेस्ट सांगितली. मला कुणाचं मन मोडवत नाही. चुन्याने भाजलं, पेस्टने झोंबलं, आणि शुक्रवारी सकाळी आरशात पाहिलं तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पाच-सहा फोड एकमेकांना धरून बसलेले. (चोरून मी काहीही खाल्लं नव्हतं. हे अनितालाही कळवलं आहे.)

मग शिरूरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. चुन्याचं ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, हा हर्पिस नावाचा विषाणू आहे. एकदा अंगात शिरला की जन्मभर नसेत झोपून राहतो आणि ऊन, ताप, जागरण, काळजी, असं काही झालं की उठतो. मुंग्या आल्या तेव्हाच आला असतात तर गोळीचा गुण जास्त आला असता. तरी त्यांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं. फोडाला बोट लावायचं नाही, लागलंच तर साबणाने हात धुवायचे आणि ते बोट डोळ्याकडे न्यायचं नाही, खपली ओढायची नाही, टॉवेल आणि कप वेगळा ठेवायचा. पुढच्या वेळी उन्हात निघताना ओठाला ऊन अडवणारा बाम लावायचा. मी सगळ्याला मान हलवली. शेवटी त्यांनी विचारलं, घरात तान्हं बाळ आहे का? मी नाही म्हणाले. घरात नव्हतंच, बाळ दौंडला होतं.

त्यांनी मी न विचारताच पुढचं सांगितलं. मोठ्या माणसाला हा नुसता ओठाचा त्रास. महिन्याच्या आतल्या बाळाला मात्र तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जीवही घेतो. खपली पडून कातडी नीट भरेपर्यंत तान्ह्या बाळाचा पापा नाही, तोंड जवळ नेणं नाही.

आत्या, खोटं कशाला लिहू, मी तिथून निघाले आणि लिपस्टिक घेतली. खपली पुढच्या बुधवारशिवाय पडत नाही, आणि बारसं पुढे ढकला म्हणायला माझी जीभ रेटेना. पूनमच्या आई रंगुबाई म्हणाल्या असत्या, लग्नात घर गाठलं, आता बारसं अडवते. मी मनाला समजावलं की कुर्र म्हणजे पापा थोडाच असतो, कानापाशी नुसतं पुटपुटायचं असतं. दौंडच्या वाटेवर न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत मी स्वतःला हेच सांगत होते.

दौंडला दार उघडल्यापासून कौतुक. पाळणा सजवलेला, चाळीस बायका, घुगऱ्यांचा वास. मला पुढे केलं. पाठीत धपाटे घालायला बायका हात सरसावून मागे उभ्या राहिल्या. मी वाकले. त्याचा कान आणि माझा ओठ यांत दोन बोटांचं अंतर राहिलं असेल, तेवढ्यात त्याने मान वळवली आणि तोंड उघडून माझ्या ओठाकडे आणलं. भुकेलं होतं, दुसरं काय. मला एकदम इतकी भीती वाटली की तशी आयुष्यात कधी वाटली नाही. मी झटकन सरळ झाले आणि म्हणाले, “पूनम, घे त्याला माझ्यापासून लांब. माझ्या व्हटाला ताप फुटलाय. लेकराला बाधंल.”

कुणाला पटलं नाही. लिपस्टिक चांगल्या प्रतीची होती. मी मानपानावरून रुसले असं धरून रंगुबाईंनी कपाट उघडलं आणि आणखी दोन साड्या आणून माझ्यापुढे धरल्या. मी नको म्हणाले तशी तिसरी आली. मग मी रुमालाने ओठ पुसला आणि चाळीस बायकांपुढे तो दाखवला. (रुमाल वेगळ्या पिशवीत ठेवला आणि हात दोनदा धुतले.) तेव्हा सगळ्यांना पटलं. पूनमने बाळाला छातीशी घेतलं होतं. ती म्हणाली, “वन्सं, आधी का न्हाई सांगितलं? बारसं बुधवारनंतर केलं असतं की.” ती रागावली असती तर मी भांडले असते. ती रागावली नाही, म्हणून मी चाळीस बायकांपुढे रडले.

फोनची युक्ती तिचीच. मी अंगणात पाण्याच्या टाकीजवळ गेले, तिने तिचा मोबाइल बाळाच्या कानाशी धरला, आणि मी नाव सांगितलं. म्हणजे आधी सवयीने “हॅलो, आवाज येतोय का?” असं विचारलं, मग कुर्र केलं. त्यामुळे भाच्याने आत्याकडून पहिल्यांदा काय ऐकलं हे विचारू नये. तो रडला नाही. बायका अंगणात येऊन मला धपाटे घालून गेल्या. रंगुबाईंचा धपाटा बहुतेक लग्नातलाही होता.

मामांना नमस्कार, प्रगतीला आशीर्वाद.

तुमची,
नीलम

ता. क. रंगुबाईंनी ती तिसरी साडी शेवटी मला नेसवलीच. मोरपंखी आहे. रुसले असते तर एवढी चांगली मिळाली नसती.

ता. क. दुसरा. प्रगती, एवढं दार लोटून, आजीच्या कानाशी बसून वाच.

आत्या, वरचं सगळं लिहिलं ते हे लिहायचं धाडस यावं म्हणून. सव्वा महिना झाला की पृथ्वीराज रुद्रला तुमच्या पाया पडायला केंदूरला आणणार आहे. त्याला सर्वांत आधी तुम्ही उचलणार आणि पापा घेणार, आम्हा सगळ्यांचे घेतलेत तसेच. आणि उन्हाळ्यात तुमच्याही ओठाला फुटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकांना हे लहानपणीच मिळतं, ज्या माणसाने लाडाने पापा घेतला त्याच्याकडून. मला कुणाकडून मिळालं ते मी त्यांना सांगितलं नाही. मला त्याचा राग नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही मला चार महिने छातीशी धरून वाढवलंत, त्यात एवढं एक सोबत आलं तर आलं. पण रुद्रचा पापा घेऊ नका. तो मोठा होईपर्यंत त्याला नुसतं मांडीवर घ्या. आणि त्या दिवशी ओठाला मुंग्या जरी आल्या असल्या तरी मांडीवरही घेऊ नका, अंगणात बसा. मी रजा काढून येईन आणि तुमच्याशेजारी अंगणात बसेन.