नाँतला दिलेला निळा रंग

आप्पा, शनिवारी मी तुमच्या नातीचा नकाशा बिघडवला. पेन्सिलीनं नाही, पुसता येणार नाही अशा निळ्या मार्करनं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, तुम्ही गेल्यानंतरची ती. आता सातवीत आहे, माझ्या खांद्याला लागते आणि चिडली की नाकाचा शेंडा अगदी तुमच्यासारखा लाल होतो. हे तुम्हाला का लिहितोय ते नीट सांगता येत नाही. सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही, एवढंच खरं. आई आता पुण्याला मावशीकडे असते, तिला फोनवर सांगितलं तर ती रडेल. आणि इथले मित्र ‘होईल रे सगळं ठीक’ म्हणून कॉफी मागवतील.

मी कॅरीत राहतो, नॉर्थ कॅरोलायनात. तुमची सून आणि मी गेल्या वर्षापासून वेगळे राहतोय. सिग्नलच्या अलीकडे ती, पलीकडे मी, आणि पोरगी पाठीला बॅग लावून आलटून पालटून दोघांकडे. त्याचीही सवय होत आली होती. मग सुनेला मिशिगनमध्ये, ट्रॉयला नोकरी मिळाली, गाड्यांच्या कंपनीत, इथल्यापेक्षा पुष्कळ चांगली. मुलीला बरोबर नेणार म्हणते. त्याला माझी संमती लागते आणि मी ती देत नव्हतो, म्हणजे प्रकरण कोर्टात जाणार होतं. पाठोपाठ जावं म्हटलं तर माझं ग्रीन कार्ड माझ्या इथल्या कंपनीच्या हातात अडकलेलं. ही नोकरी सोडली तर आधी देशच सोडायची वेळ यायची. मॅनेजरला विचारलं, तिकडून काम करू का, तर तो गोड हसून नाही म्हणाला. आप्पा, ती गेली तर मी या घरात काय करू? तिच्या खोलीत जाऊन नुसता उभा राहतो, आणि ती अजून गेलेलीसुद्धा नाही. असा मी कधीच नव्हतो हो.

त्यात शाळेनं प्रोजेक्ट दिला. युरोपातल्या एखाद्या देशाचा समुद्राकाठचा एक प्रांत निवडायचा आणि त्याचा भूगोल, इतिहास, वारसा मोठ्या पुठ्ठ्यावर मांडायचा. आणि हिनं काय निवडावं? फ्रान्सची ब्रिटनी. तुमची ब्रिटनी! मी तिच्याजवळ कधी अवाक्षर काढलं नव्हतं. “दे हॅव कूल रॉक्स, बाबा,” म्हणाली. कार्नाकच्या माळावर रांगेनं उभे केलेले ते हजारो दगड, ते कुणी उभे केले आणि कशासाठी हे अजून कुणाला धड सांगता येत नाही. तेवढ्यावर तिनं अख्खा प्रांत उचलला. मला मात्र टेबलापाशी बसायला निमित्त मिळालं. दोन शनिवार आम्ही शेजारी बसून दीपगृहं चिकटवली, सँ-मालो हे तटबंदीतलं गाव काढलं, युद्धात बेचिराख होऊन पुन्हा दगडावर दगड रचून उभं केलेलं. खूप दिवसांनी मला भूक लागली होती.

बसल्या बसल्या मी बेळगावच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो. रविवार आहे, आई तव्यावर घावन घालतेय आणि तुम्ही पाटावर बसून हवेत बोटानं किनारा काढताय. “ही बघ ब्रिटनी. समुद्रात तोंड खुपसून बसलीय की नाही? तिथं पण घावन करतात लेका, कुट्टू नावाच्या दाण्याच्या काळपट पिठाचं. हे टोक फिनिस्तेर, म्हणजे जमिनीचा शेवट. पण तिथल्या लोकांच्या भाषेत त्यालाच जगाचा माथा म्हणतात!” मग तुमचं बोट खाली सरकायचं आणि आवाज चढायचा. “आणि हे नाँत. ब्रिटनीच्या ड्यूकांचा किल्ला इथं, सगळा कारभार इथनं. आणि आता सरकारी ब्रिटनीत नाँतच नाही! कुणीतरी पॅरिसात बसून रेघ मारली, नाँत गेलं शेजारच्या प्रांतात. आपल्या गावाचंच झालं की रे हे सगळं.” आई तव्यावरची नजर न काढता म्हणायची, “नाँतचं राहू दे, सिलिंडर संपत आलाय, नंबर लावा.”

राज्यांची फेररचना झाली आणि मराठी बोलणारं आपलं गाव महाराष्ट्रात न जाता कर्नाटकात गेलं, ते तुम्ही एक दिवस मान्य केलं नाहीत. भूगोलाचे मास्तर तुम्ही, जगात कुठं कुठं अशी रेघ चुकलीय ते शोधत बसायचात. दर एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनेच्या दिवशी, दंडाला काळी फीत. मोर्चे, लाठ्या, एकदा तुरुंग. कोल्हापूरला चांगली नोकरी चालून आली तर म्हणालात, आपण उठून गेलो की गाव सोडल्यासारखं होईल. आईला जायचं होतं. त्या वर्षी तिनं दिवाळीला करंज्या केल्या नाहीत हे मला आठवतं. तुम्ही गेलात, आणि आपल्या गावासाठी महाराष्ट्रानं लावलेल्या दाव्याला सुप्रीम कोर्टात अजून तारखाच पडतायत.

तर शनिवारी पोरगी अंघोळीला गेली होती. नकाशा तयार होता, चार जिल्हे निळे, रेनवर राजधानीची चांदणी. आणि खाली नाँत, लोआर नदीच्या काठी, पांढरंफटक. मग मार्कर उचलला आणि नाँतचा तो पाचवा जिल्हाही निळा करून टाकला, कडेकडेनं, अगदी जपून, तुम्ही फळ्यावर भरायचात तसा. खरं सांगतो, हात थांबेपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

ती केस पुसत आली आणि किंचाळली. “बाबा! व्हॉट डिड यू डू?”

“अगं, नाँत ब्रिटनीचंच आहे. त्यांचा किल्ला—”

“इट सेज ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रीजन! नाँत इज नॉट इन इट! मंडे-ला सबमिट करायचंय!”

“त्यांचा झेंडा बघ ना. नऊ पट्टे आहेत, जुन्या नऊ धर्मप्रांतांचे. त्यातला एक नाँतचा आहे. झेंड्यावर चालतं आणि नकाशावर का नाही? सांग ना, का नाही?” मी ओरडत होतो, आप्पा. टेबलावर मूठ आपटत होतो. बारा वर्षांच्या पोरीसमोर, फ्रान्समधल्या जिल्ह्यासाठी.

तिनं आईला फोन लावला. सून आली, दारातूनच पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि नागपुरी ठसक्यात म्हणाली, “काय करून राहिलास तू हे? कोणाशी भांडून राहिलास? तिचा प्रोजेक्ट आहे तो, तुझा बॉर्डर इश्यू नाही यार.” मग जरा खालच्या आवाजात, “तू असाच लढणार असशील ना कोर्टात, तर तिचं काय होईल तेवढं बघ.” मी म्हटलं, मी लढणारच. दार लागलं. पोरीनं नवा पुठ्ठा घेऊन रात्रीतून सगळं पुन्हा केलं, आईच्या घरी, एकटीनं.

माझ्या वकिलीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. वेळ लागेल, पैसा लागेल, आणि जज मुलीला बाजूला घेऊन विचारू शकतात, तुला कुणाजवळ राहायचंय. मी त्या प्रश्नाच्या आशेवर जगत होतो. ती माझं नाव घेईल असं मी धरूनच चाललो होतो. तुम्हाला आपल्या बाहेरच्या खोलीतली माणसं आठवतात का? सीमालढ्याच्या कमिटीचे लोक यायचे, चहा व्हायचा, आणि तुम्ही मला हाक मारून मधोमध उभं करायचात. “सांग रे, आपण कुठल्या राज्यात राहतो?” मी छाती काढून सांगायचो, महाराष्ट्रात! टाळ्या व्हायच्या. शाळेच्या फॉर्मवर दुसरं लिहायचं असतं तेही मला ठाऊक होतं. कुणासमोर काय म्हणायचं हे मी फार लवकर शिकलो. लोक येणार म्हटलं की माझ्या पोटात दुखायचं. आई ओवा द्यायची आणि तुम्ही म्हणायचात, बाहेरचं खाल्लं असेल.

मंगळवारी तिला शाळेतून आणताना मी गाडी पार्किंगमधून बाहेर पडायच्या वाटेवरच थांबवून ठेवली. प्रोजेक्टबद्दल सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “इट्स ओके.” मग मला राहवलं नाही. म्हटलं, “बाळा, कुणी विचारलं तर तू काय सांगशील? तुला कुठं राहायचंय?”

तिनं सीटबेल्ट लावला. नाक लाल झालं नाही, काही नाही. इतक्या शांतपणे बोलली की मला आधी कळलंच नाही. “जस्ट टेल मी व्हॉट टू से, बाबा. तू सांगशील ते मी म्हणीन. मम्माला पण मी हेच सांगितलंय.”

मागची गाडी हॉर्न देत होती. तिनं हळूच म्हटलं, “बाबा, ड्राइव्ह कर ना, लोक थांबलेत.” मी गाडी काढली.

काल सकाळी मी वकिलीणबाईंच्या ऑफिसात जाऊन संमतीवर सही केली. सुट्ट्यांत ती माझ्याकडे, बाकीचं वर्ष ट्रॉयला. परत येऊन गाडीतच रडलो, मग ऑफिसला गेलो, मीटिंगमध्ये दोनदा माझं नाव घेतलं तेव्हा ऐकू आलं. मी बरोबर केलं असं मला वाटत नाहीये. कशानंच बरं वाटत नाहीये. ती ऑगस्टमध्ये जाईल आणि त्यानंतरच्या दिवसाचं चित्रच माझ्यासमोर येत नाही.

तुमचा फोटो पुढे घेऊन हे वाचून दाखवावं असं सुरुवातीला मनात होतं. ते आता करणार नाही. तुम्ही असतात तर मी सही केली नसती, आप्पा. तुमच्यासमोर माझी हिंमतच झाली नसती. पेन खाली ठेवताना, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.