मेणबत्ती न धरलेले कवी

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद द्यायला वाकावं लागत नाही, तेव्हा गुडघ्यांची सबब चालणार नाही.) माझी तब्येत ठणठणीत आहे, कारण आजारी पडायला सवड लागते. तुझ्या पत्रातला वडिलांबद्दलचा मजकूर मी वाचलाच नाही, असं समज.

मी नेमकं काय शिकतो, असं तू विचारलंस. सातशे वर्षांपूर्वीच्या इटालियन कविता. तेव्हाचे कवी राजकारणात पडत आणि आपला पक्ष हरला की शहराबाहेर हाकलले जात. पुढे कधी माफी मिळालीच तर तिला अट असे. हातात मेणबत्ती घेऊन, चारचौघांदेखत चर्चपर्यंत चालत या, म्हणजे झालं गेलं विसरू. ज्यांनी नकार दिला ते परमुलखातच मेले. माझा प्रबंध या ताठ मानेच्या लोकांवर आहे. मेलेल्यांच्या भांडणावर जिवंत माणसाचं पोट भरत नाही, असं वडील म्हणाले, त्यावर मी नको ते बोललो, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर माफी मागितल्याशिवाय उंबरठा चढायचा नाही, असं ठरलं. ते तुला ठाऊकच आहे.

आता इथली कथा. विभागप्रमुखांनी भर चर्चासत्रात माझ्या कवींना 'हट्टी पोरं' म्हटलं. मी पाहुण्यांदेखत म्हणालो, सरांनी या कविता फक्त भाषांतरात वाचल्या आहेत. (खरं होतं, म्हणूनच झोंबलं.) दुसऱ्या दिवशी माझं टेबल खोलीतून उचलून बाहेर, पाण्याच्या टाकीशेजारी. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय, हद्दपार?" माफी माग म्हणून सगळे मागे लागले. मी म्हटलं, मग प्रबंध कुठल्या तोंडाने लिहू? सगळ्यांनी वा म्हटलं. आपल्या टेबलावर जागा मात्र एकानेही दिली नाही. पण आत्या, मी वाकणार नाही. इथेही नाही आणि घरीही नाही.

तुझा,
हद्दपार भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात वाकलो. भरल्या सभागृहात उभा राहून माफी मागितली. सर शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "हा कशाबद्दल बोलतोय?" ते केव्हाच विसरले होते. टेबल हलवलं होतं, कारण खोलीचं छत नेमकं त्याच्यावर गळत होतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

पुन्हा ता. क. तो मजकूर मी वाचला. वडील हल्ली नावं विसरतात, परवा तुलाही ओळखलं नाही, असं लिहिलंस. मी रविवारी येतोय. नातेवाईक बोलव, सगळे बोलव. आणि तोवर एवढं कर, आमच्या भांडणाची त्यांना रोज आठवण करून दे.