पायलटच्या शेजारची जागा

५ मार्च

ती. मावशीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तू रागावणार हे धरूनच लिहितेय. मी विमान चालवणं सोडतेय. लायसन हातात पडलं आणि लगेचच एकदा उतरताना वाऱ्याने विमान ढकललं, चाक धावपट्टी सोडून गवतात गेलं. मला साधं खरचटलंही नाही. पण तेव्हापासून कॉकपिटमध्ये बसलं की हात लटपटतात. काल इंजिन सुरू केलं, बंद केलं आणि खाली उतरून घरी आले.

फ्लाइंग क्लबच्या हॉलमध्ये तुझा भलामोठा फोटो आहे. खाली लिहिलंय, टपालाचं विमान चालवणारी पहिली स्त्री, निर्भय वैमानिक. त्याच्याखाली बसून डबा खायची लाज वाटते गं. आईला मात्र हायसं वाटलंय, दाखवत नाही इतकंच.

शिव्या दिल्यास तरी चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

शिव्या कसल्या मागतेस, माझं हसून पोट दुखलं. निर्भय म्हणे! अगं, तो फोटो इंजिन बंद असताना काढलाय. दर उड्डाणाआधी मी हँगरच्या मागे जाऊन ओकायची. मेकॅनिकने तिथे माझ्यासाठी पाण्याची बादलीच ठेवली होती. तोंड धुवायचं, टपालाच्या थैल्या आत टाकायच्या आणि निघायचं. भीती गेली कधीच नाही, ती माझ्याबरोबरच रिटायर झाली.

तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मी एकटी घाबरते हे कळलं असतं, तर पुढच्या सगळ्या पोरींना दारातूनच परत पाठवलं असतं. तुला घाबरायची मुभा आहे. त्यासाठीच तर केला तो खटाटोप.

तेव्हा सोडायचं तर खुशाल सोड, पण एकदा वर जाऊन ये आणि मग सोड. शेजारी बसायला मीच आले असते, पण डॉक्टर मेला जिनासुद्धा चढू देत नाही. आईला विचारूच नकोस. ती उभ्या जन्मात माझ्या विमानात बसली नाही. म्हणायची, दोघी गेलो तर घरच्यांकडे कोण बघणार?

काय ते लवकर कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
मावशी

२० मार्च

ती. ताईस,
धाकटीचा सा. न.

आधी भांडते. पोरीला चिथवायला कुणी सांगितलं होतं? काल सकाळी म्हणाली, एकदाच जाऊन येते. हात लटपटतायत आणि बाई एकट्या निघाल्या! मी म्हटलं, थांब, चप्पल घालते.

तिथे बसणाऱ्याचं वजन विचारतात, विमानाचा तोल त्यावर असतो म्हणे. मी आपलं थोडं कमीच सांगितलं. पोरीने असं बघितलं की मुकाट्याने काट्यावर उभी राहिले. मग ती रागारागाने जो हिशेब करायला बसली, त्यात लटपटायचं विसरलीच.

वर मी डोळे मिटून जे गच्च धरलं होतं, ती दाराची कडी निघाली. सोड म्हणून ओरडली माझ्यावर. उतरताना मेला वारा सुटलाच. मी देवाचं नाव घेतलं, तिने दात आवळून विमान सरळ केलं आणि पट्टीच्या मधोमध टेकवलं. खाली आल्यावर धाय मोकलून रडली, डोळे पुसले आणि शनिवारसाठी विमान मागून आली. सोडत नाही आता.

मी चिडायला हवं होतं. लोभ आहेच, तो भांडणाने आटायचा नाही. पण खरं सांगू ताई? इतकी वर्षं दारात उभी राहून विमानाचा आवाज ऐकत आले, आधी तुझ्या, मग हिच्या. काल पहिल्यांदा आपल्या घरचं माणूस आकाशात होतं आणि मी खाली वाट बघत नव्हते.

तुझी,
धाकटी