क्वार्टरबॅकची आत्या

नेपरव्हिल, १७ ऑक्टोबर २००६

प्रिय ताई,
नमस्कार. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. हे पत्र भाऊजींकडून वाचून घे, डोळ्यांना ताण नको.

कुश आता कॉलेजच्या संघात इथल्या धडकाधडकीच्या अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक आहे. प्रत्येक चाल तोच ठरवून सांगतो, दहा जण ऐकतात. शनिवारी तो डोक्यावर आपटला, पण उठून सामना जिंकून दिला. कोच म्हणाले, "लीडर असाच असतो." शुभा आईच्या काळजीने म्हणाली, "लीडर गेला खड्ड्यात, आधी डोकं दाखवा."

रविवारी शुभा ड्यूटीवर होती. आम्ही दोघंच जेवत होतो. "बाबा, आत्याचं ऑपरेशन कसं झालं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. वरण वाढताना त्याने पुन्हा तेच विचारलं. ताट उचलताना पुन्हा. तुझ्यावर जीवच आहे त्याचा.

तेवढ्यात संघाच्या डॉक्टरांचा फोन आला. घरी काही वेगळं जाणवलं का? कुश समोरून म्हणाला, "बाबा, प्लीज. टीम माझ्यावर आहे."

मी डॉक्टरांना "नाही" म्हणालो.

शनिवारी, लक्ष्मीपूजनालाच, पुढचा सामना आहे. शुभाला यातलं काही माहीत नाही. पत्र पोचेल तोवर सामना होऊन गेलेला असेल. फोन केलास तर आधी माझ्याशी बोल.

तुझा धाकटा,
रवींद्र