गुळगुळीत तळाचा टब

रायपूर, बुधवार, संध्याकाळ

चिऊ सुखरूप आहे. हे आधी लिहितो.

सात महिन्यांची नात. आजवर सून मीनल तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. आता ती वळवळते, पायांवर राहत नाही, म्हणून काल तिच्याबरोबर टब घ्यायला पंडरी बाजारात गेलो. मीनलने उतरत्या पाठीचा, खरखरीत रबरी तळाचा लहान टब निवडला होता. मी दुकानातच भाषण सुरू केलं. बाजार आधी आयांना भीती विकतो, मग टब विकतो! गिऱ्हाईकं वळून ऐकू लागली. दुकानदार म्हणाला, "वाह अंकलजी, क्या बोलते हो!" मीनलने तो लहान टब परत ठेवला. मी मोठा, खोल, गुळगुळीत टब उचलला.

आज त्याच गुळगुळीत तळावरून चिऊ सरकली. तोंड पाण्याखाली गेलं. मीनलचा हात मानेखाली होता, म्हणून तिने लगेच वर ओढली. आणि मी काय म्हणालो? "पाणी जरा जास्त झालं असेल."

मीनलने तिला छातीशी घट्ट धरलं. "काहून थांबले बाबा? बोला ना अजून. काल तुमच्यापुढं मले बोलता आलं नाही, म्हणून ही यात बसली."

त्या तळावरून एकदा बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. मला टब पाहायचा होता, की ऐकणारे हवे होते?

उद्या तो लहान टब आणायचा. मीनलला विचारलं, मी येऊ का?

"या. पण गाडीतच बसा."

मी नुसतं "हव, बसतो" म्हणालो.